डावीकडून दुसरी फळी

समुद्रावरच्या वाऱ्याचा मोसम जवळ आला की बंदराकाठच्या लोकांना अंधारकाकांची आठवण होई. एरवी वर्षभर हा माणूस खुर्च्यांचे मोडके पाय बसवायचा, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल द्यायचा, आणि त्याला कोणी हिंग लावून विचारत नसे. पण पाणी गढूळलं, दुपारची दारं आपटायला लागली, की तेच लोक त्याला रस्त्यात अडवून चहाचा आग्रह करत. समुद्राकडच्या खिडक्यांवर बाहेरून फळ्या चढवायच्या, आणि वारा फिरला की उतरवायच्या, हे काकांचं काम. फळ्या चढल्या की घरात भरदिवसा दिवे लागत, म्हणून ते अंधारकाका.

फळ्या उभ्या, एकीला एक खेटून बसणाऱ्या. या खिडकीची फळी त्या खिडकीला लागायची नाही आणि पहिलीच्या जागी तिसरी बसायची नाही. त्यामुळे काकांचा एकच नियम होता आणि तो ते प्रत्येक घरमालकाला ऐकवत.

"डावं-उजवं माझं. आत उभं राहून तुम्ही जे म्हणाल ते चालायचं नाही. मी बाहेर, वाराही बाहेर."

अलीकडे मात्र काका थकले होते. गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारला होता. "शिडीला दर वर्षी कोणीतरी एक पायरी वाढवतं," असं ते म्हणत, आणि लोक हसत. हसायला काय जातं! शिडी धरायला पूर्वी बायको यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण काकांकडे उलटी गत होती. सगळ्या गावाला अंधार करून झाला की मगच स्वतःच्या घराचा नंबर, त्यामुळे सर्वांत शेवटपर्यंत उजेड असायचा तो त्यांच्याच खोलीत. फळ्या उतरवतानाही आपलं घर शेवटीच. बायकोने यावर कधी कुरकुर केली नाही. ती दिवसभर अंगणातच असायची.

त्या वर्षी मोसमाच्या तोंडावर ती न्हाणीघरात घसरली आणि कंबरेचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, मोसम संपेपर्यंत पाठ टेकून पडून राहायचं, हलायचं नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी काकांची अवस्था झाली. दोन गल्ल्या पलीकडे दिलेली लेक दोन्ही वेळा येऊन आईचं सगळं करून जाई. खाट खिडकीशी लावलेली होती. दुसरीकडे कुठे लावणार? खोलीच एक, आणि मागे स्वयंपाकापुरता आडोसा.

"अहो, एक मागू?" एका संध्याकाळी ती म्हणाली.

"बोल."

"आपल्या खिडकीची एक फळी यंदा लावू नका. पडल्या पडल्या समुद्र दिसेल एवढीच फट हवी मला. नाहीतर इतके दिवस भिंतीकडे बघून वेड लागेल हो."

काकांनी मान डोलावली. काच जाड होती, एका फटीने काही घर उडून जाणार नव्हतं. पण मोसम लवकर आला. शेवटच्या घराची शेवटची फळी ठोकेपर्यंत वाऱ्याने जोर धरला होता. काका घरी पोचले तेव्हा त्यांच्या हातात हातोडी धरण्याचंही बळ उरलं नव्हतं. लेकीने शिडी धरली. वर चढून त्यांनी काचेतून आत ओरडून विचारलं, "कुठली सोडू?"

"डावीकडून दुसरी!"

त्यांनी डावीकडून दुसरी सोडली आणि बाकीच्या ठोकल्या. उतरताना पाय इतके लटपटत होते की लेकीने त्यांना कमरेला धरून खाली घेतलं.

आत आल्यावर ते खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. तिथून फटीतून पांढऱ्या लाटा दिसत होत्या.

"दिसतोय ना?"

"दिसतोय हो," ती म्हणाली. "बसा आता निवांत."

मग मोसमभर तेच चाललं. काका कुठेतरी निखळलेली फळी ठोकून भिजून येत, स्टुलावर बसत आणि विचारत, "दिसतोय ना?" ती म्हणे, "दिसतोय. आज भलताच पिसाळलाय." कधी म्हणे, "आज पडलाय वारा, अंगात काही दम नाही त्याच्या." तिचं बरोबर असे. दमलेल्या काकांना तेवढंच एक सुख होतं, की एवढं एक काम आपण नीट केलं.

पुढे एका सकाळी तिनेच सांगितलं, "अहो, वारा फिरला. जमिनीवरून मतलई सुटलाय. काढा लोकांच्या फळ्या."

पुन्हा शिडी, पुन्हा गुडघे. घरोघर उजेड करत काका फिरू लागले. एका दुपारी जेवायला घरी आले तर लेकीने आईला पहिल्यांदाच उठवून अंगणात खुर्चीत बसवलं होतं. आत खाट रिकामी. काका क्षणभर टेकले आणि टेकता टेकता तिच्या उशीवर आडवे झाले.

फटीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसत होती.

त्यांनी डोकं इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. टाकीच. शेवाळलेली भिंत, तिच्यावरून गेलेला नळ आणि नळाला बांधलेली एक चिंधी. स्टुलावरून दिसणाऱ्या समुद्राचा इथून थेंब नाही. समुद्र उशीच्या डावीकडच्या फळ्यांमागे होता. तिने सांगितलेली डावी तिची होती, पडलेल्या माणसाची. आणि त्यांनी आपला नियम चालवला होता.

ते उठून अंगणात आले. "तुला समुद्र दिसतच नव्हता."

ती म्हणाली, "टाकी दिसत होती की. चांगली ऐसपैस आहे."

"आणि रोज वारा कसा सांगायचीस?"

"ती चिंधी आहे ना नळाला. मोसमभर गावाकडे ओढ घेत होती. त्या सकाळी जाग आली, बघते तर समुद्राकडे फडफडतेय."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी दारातून आत येताना तुमचे पाय बघितले मी. त्या वाऱ्यात पुन्हा वर चढा म्हणू? आणि नंतर सांगितलं असतं तर तुम्ही मोसमभर स्वतःला खात बसला असता."

काकांना रडू आलं नाही. रडायलाही अंगात बळ लागतं. पण आपण हिला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि रोज वर शाबासकी घेतली, हे त्यांच्या छातीत जाऊन बसलं.

फाटकातून कोणीतरी हाक मारली. "काका, दुपारी आमच्याकडे येणार होतात!"

"उद्या," काका म्हणाले. असं ते आयुष्यात कोणाला म्हणाले नव्हते. त्यांनी शिडी उचलली आणि स्वतःच्या खिडकीला लावली.

"अहो, आता कशाला?" ती खुर्चीतून म्हणाली. "दमलात. मला इथून दिसतोय समुद्र."

एका पायरीवर चढलेले काका थांबले. उतरले. तिच्या खुर्चीमागे येऊन, गुडघे कुरकुरत असताना, ते वाकत वाकत तिच्या डोक्याच्या उंचीला आले आणि स्वतः बघून घेतलं. तिथून फक्त फाटक दिसत होतं.

मग ते पुन्हा शिडी चढले.