चित्त्यापुढं वाचलेली शब्दांची वही

मी इंग्रजी तिसरीतून शाळा सोडली. त्यानंतर जे काही इंग्रजी शिकलो ते एका चित्त्याच्या मादीला शिकवता शिकवता. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा सांभाळून बघायला लागतात. पण ज्यांनी मला त्या दिवसांत आपल्या ओसरीवर जागा दिली, त्यांचे उपकार कुठंतरी लिहून ठेवायला हवेत.

जर्मनीशी चाललेली पहिली मोठी लढाई नुकतीच संपली होती. वडील गेल्यावर शाळा सुटली होती, गावात धड काम नव्हतं. विसाव्या वर्षी मी वेंगुर्ल्याकडून घाट चढून कोल्हापूरला आलो. ज्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर आलो, तो आधीच कागलला निघून गेला होता. माझ्याजवळ एक बोचकं आणि काखेत शाळेतली वही. त्या वहीत चार रकाने होते: इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, सारखा शब्द, उलटा शब्द. ती कशाला आणली होती, देव जाणे. घर सोडताना माणूस घाबरून काहीही उचलतो.

महाराजांच्या चित्तेखान्याजवळून जाताना रस्त्याकडेला एका खाटेवर चक्क चित्ता बसलेला दिसला. डोळ्यांवर चामड्याची टोपी, कमरेला दोरखंड. आणि त्याच्या शेजारी तीन बायका निवांत लसूण सोलत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सरकलो. पांढऱ्या दाढीचे एक चित्तेवान, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणत असे, माझ्या काखेतली वही बघून ओरडले,

"ओ पावणं! इंग्रजी येतंय का?"

"थोडं थोडं."

"थोडंच लागतंय. बसा हितं."

चित्ता माणसाळवायची त्यांची रीत अशी: नव्या जनावराला वर्दळीच्या जागी खाटेवर बांधायचं आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्याच्या कानाशी बोलत राहायचं. काय बोलता याला महत्त्व नाही, फक्त थांबायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय झाली की जनावर निवळतं. हे काम चाचांच्या बायकोकडे, म्हणजे चाचीकडे, आणि दोन शेजारणींकडे होतं. आधीचे चित्ते त्यांनी सुनांची गाऱ्हाणी, लग्नातले रुसवेफुगवे आणि कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली हे ऐकवून माणसाळवले होते. पण खाटेवरची ही मादी बोटीनं आफ्रिकेहून आलेली. महिना झाला तरी कान पाडून गुरगुरत होती.

"म्या आधीच म्हटलंतं," चाचा म्हणाले. "साहेबाच्या बोटीतनं आलीया ती. तिला आपलं बोलणं कळंलच कसं? इंग्रजीच पायजे."

"पण आफ्रिकेत इंग्रजी…"

"तुमी गेलाय आफ्रिकेला?"

"नाही."

"मग बसा की!"

दोन वेळचं जेवण आणि ओसरीचा एक कोपरा ठरला. पुढचं चाचांनी स्वच्छ सांगितलं. दसऱ्याआधी शिकारखान्याचे कारभारी येणार, चारचौघांत मादीची टोपी काढून बघणार. ती शांत बसली तर मला चाकरीत घेतील. नाही बसली तर मादी दुसऱ्या चित्तेवानाकडे आणि मी माझ्या गावाला. गावाला माझ्या पानावर वाढायला कुणी नव्हतं. त्या दिवसापासून दसरा हा शब्द ऐकला की मी बोटांवर दिवस मोजायला लागायचो.

मी वही उघडली. "बिग. म्हणजे आकारानं मोठं. सारखा शब्द लार्ज. उलटा शब्द स्मॉल."

"पोरा," चाची म्हणाल्या, "चित्त्याला सांगायला लागलायस का रंकाळ्याला?" मी तितका लांब बसलो होतो.

मादीनं मात्र कान उभे केले. नवा आवाज ऐकून केले असतील. पण चाचा गल्लीभर सांगून आले, "वळखीचं वाटलं बघा तिला!"

भीतीच्या पानावर माझ्याजवळ पाच सारखे शब्द होते: फिअर, ड्रेड, टेरर, फ्राइट, अलार्म. पाचांतला फरक मला शाळेत कधी कळला नव्हता. खाटेजवळ आठवडाभरात कळला. ती जांभई द्यायची तेव्हा फ्राइट. शेपटी माझ्या गुडघ्याला लागली तेव्हा टेरर. दसऱ्याचा विचार आला की ड्रेड, आणि तो दिवसभर पुरायचा.

हळूहळू सगळेच माझ्या वहीत शिरले. 'हंग्री'चा उलटा शब्द मी 'फुल' असा वाचला, तर चाचांनी हरकत घेतली. "भुकेल्याच्या उलटं झोपल्यालं. जनावराचं पोट भरलं की झोपतंय. लिवा." मी लिहिलं. ज्याच्या ताटात जेवतो त्याच्याशी शब्दावरून कोण भांडणार?

एकदा 'होम' आला. अर्थ घर, सारखा शब्द हाऊस, उलटा रकाना कोरा.

"ह्येचा उलटा न्हाय व्हय?" चाचींनी विचारलं.

"गावच्या मास्तरांनी सांगितला नव्हता."

"घर सोडून हितं आलायस न्हवं? मग लिव की, कोल्हापूर!"

बायका खळखळून हसल्या. मी मात्र खरंच लिहून टाकलं. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

वही दुपारपर्यंत संपायची. दुसऱ्यांदा वाचायला घेतली की मादी उठून दोर ताणायची. "कालचंच वाचताय," चाचा म्हणत, "तिला कळतंय." म्हणून मी रोज संध्याकाळी जवळच्या शाळेतल्या एका मास्तरांकडे जाऊन दहा नवे शब्द मागून आणू लागलो. त्यांना वाटलं, मी कुठल्यातरी परीक्षेची तयारी करतोय. एक प्रकारे ते खरंच होतं.

"कुणाला म्हणून दाखवतोस का?" त्यांनी एकदा विचारलं.

"हो, रोज."

"चुकलास तर रागावतात?"

"गुरगुरतात."

"असंच पाहिजे," मास्तर म्हणाले. "हल्ली असं लक्ष कोण देतं!"

शेवटी कारभारी आले. पटका, छडी, मागं दोन शिपाई. गल्ली गोळा झाली. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून टोपी काढली. मादीनं पिवळ्या डोळ्यांनी गर्दी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

एक शब्द येईना. 'बिग'सुद्धा येईना. घाईत वही उघडली ती उलटी धरलेली, अक्षरंच लागेनात. मादीनं कान पाडले आणि ती खाटेवर उभी राहिली. दोन्ही शिपाई कारभाऱ्यांच्या मागं गेले.

तेवढ्यात चाची लसणावरची नजर न काढता म्हणाल्या, "डेंजर. म्हंजी धोका. सारका शब्द पेरिल. उलटा सेफ्टी."

"स्विफ्ट!" पहिली शेजारीण.

"चपळ. सारका क्विक. उलटा स्लो," दुसरी म्हणाली.

एकीनं शब्द टाकावा आणि दुसरीनं उचलावा, जात्यावर बसल्यासारखी लय धरून. एक अक्षरही वाचता न येणाऱ्या त्या तीन बायकांना माझी अख्खी वही पाठ होती. भुकेल्याच्या उलट झोपलेलं, हेसुद्धा त्यांनी ठणकावून सांगितलं. मादी ऐकत राहिली, बसली, आणि पंजांवर डोकं ठेवून तिनं डोळे मिटले.

कारभाऱ्यांनी छडी बायकांकडे वळवली. म्हणाले, "ह्या बायकांना इंग्रजी कुणी शिकवलं?"

"जनावरासंगं शिकल्या, सरकार," चाचा म्हणाले.

"ह्यांना एवढं येतंय, तर ह्या माणसाचं काम काय?"

छडी आता माझ्याकडे वळली होती. खरोखरच काही काम उरलं नव्हतं. मनातल्या मनात मी बोचकं बांधायला घेतलं.

"शब्द संपत्यात की, सरकार," चाची म्हणाल्या. "जुनं म्हटलं की जनावर उठतंय. ह्यो नवं आणतोय."

"कुठनं आणतो?"

"शाळेतनं."

कारभाऱ्यांनी झोपलेल्या मादीकडे बघितलं आणि तिथंच लेखी हुकूम दिला. तो मी स्वतः वाचला आहे. त्यात 'मादीकरिता शब्द आणणारा इसम' चाकरीत ठेवावा आणि सकाळी शाळेत बसवावा, असं होतं. अशा रीतीनं, मिशी फुटलेला मी, चित्त्याच्या सोयीसाठी लहान मुलांच्या बाकावर पुन्हा बसलो. शिकारीचा हंगाम आला, मादी शिकारीवर जायला लागली, तिला शब्द लागेनासे झाले आणि माझी शाळा दुसऱ्यांदा सुटली. चाकरी मात्र राहिली.

कारभारी गेले त्याच दिवशी जेवताना चाचींनी विचारलं, "त्यो कोल्हापूर अजून उलट्या रकान्यातच हाय व्हय?"

"आहे."

"खोड त्यो."

मी हात धुतले, खोडलं, आणि शेजारच्या, सारख्या शब्दांच्या रकान्यात, हाऊसच्या खाली, पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वही तपासली आणि त्यावर तांबडी फुली मारली. त्यांचं बरोबर होतं. वहीतल्या बाकीच्या सगळ्या चुका मी पुढं दुरुस्त केल्या. तेवढी एक तशीच ठेवली आहे.