राहिलेली मूठ

धुळ्याच्या देवपुरात, आमच्या गल्लीत बेबाबाईला निवांत बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालायचे, वाळले की काढायचे, डबे भरून घरोघर द्यायचे, आणि मधल्या वेळात कोणाच्या तरी घरी कशाला तरी निघायचं. धनी गेल्यावर एकटीच राहायची. मुलगा नाही, मुलगी मुक्ताईनगरला दिलेली. मी तिला म्हणायचे, "अक्का, जरा टेका." ती म्हणायची, "टेकलं की मन चालू लागतं सुनंदाबाई, त्यापेक्षा पाय चाललेले बरे."

अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, मी एकविरेला जाऊन येत होते. बेबाबाई पुलाच्या तोंडाशी रिक्षाला हात करताना दिसली. लुगड्याचा काठ पिठानं माखलेला.

"लोटन आला," म्हणाली. "जीपगाडीत आडवा घालून आणला."

लोटन आबा हा तिचा धाकटा भाऊ. धरणगावाकडे कपाशी करायचा. सकाळी निंदणी चालू असताना बांधावरच छाती धरून खाली बसला. जळगावला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी धुळ्याला हलवा म्हणून सांगितलं. मी नैवेद्याचं तबक तसंच हातात घेऊन तिच्याबरोबर रिक्षात बसले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लोटन आबाची बायको कुंदाबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. मुलगा शालिग्राम काचेच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. आत आबांच्या नाकावर ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, "हे दोन-तीन दिवस निघू द्या, मग बोलू." 

बेबाबाईनं काही विचारलंच नाही. पाण्याची कळशी आणली, कोपऱ्यात सतरंजी टाकली, शालिग्रामला गोळ्या आणायला पिटाळलं. कुंदाबाईला माझ्याकडून कापूस मागवून दिला. "वाती वळ. कापसाच्या घरची तू, हात रिकामा ठेवू नको." कुंदाबाई वळू लागली. वात आतल्या बाजूला पीळ खात होती की बाहेर, याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. पण हात चालत होते. मी रोज डबा घेऊन जायचे, दाराशी उभी राहून विष्णुसहस्रनाम म्हणायचे. मध्येच ओळ सुटायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची.

शुक्रवारी आबांचा धाकटा भाऊ रुपचंद नाना यांचा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर आला. रविवारी कानबाई बसायची. रोटाचे गहू कोण मोजणार?

आमच्या खान्देशात कानबाई म्हणजे घराची देवी, आणि रोट म्हणजे घरच्यांचाच प्रसाद. त्यांच्या घरची रीत अशी, की घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू निघायचे, आणि ते कर्त्यानंच आपल्या मुठीनं मोजायचे. तेवढ्याच पिठाचे रोट, दर पुरुषाच्या नावाचा एक. रोट गावशीव ओलांडत नाही, परक्या कुळाच्या तोंडी लागत नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. इतकी वर्षं ही मूठ लोटन आबांची होती.

कुंदाबाई म्हणाली, "ते आत पडलेले असताना पोरानं मूठ भरायची? म्हणजे कर्ता बदलला असंच ना, अक्का? राहू द्या या साली."

"देवीचं मोडायचं नाही," बेबाबाई म्हणाली. "शालिग्राम, तू जाय. नाना उन्हात चक्कर येऊन पडतात, त्यांच्याच्यानं व्हायचं नाही."

"फुई, इथं काही झालं तर?"

"इथं मी शे ना. तू काय डॉक्टर शे? जाय."

फुई म्हणजे वडलांची बहीण. तिचं कोणी मोडत नसे. शनिवारी तो पारोळ्याच्या गाडीत बसला.

सोमवारी दुपारी परत आला तेव्हा मी डबा सोडत होते. बाप कसा आहे हे त्यानं विचारलं नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि चपला काढून हातात घेतल्या.

"विसर्जन नीट झालं?" बेबाबाईनं विचारलं.

"झालं."

"मग तोंड असं काय?"

तो आईकडं बघेना. मग हळूच म्हणाला, "एक रोट कमी पडला. काकूनं कणीक मळली, दरवर्षीसारखं धाकल्यापासून थापत आली. माझ्या पोराचा, नानाच्या मुलाचा, माझा, नानांचा. चार झाले. आबांच्या नावाचा थापायला घेतला तर परातीत कणीक नाही. काकूनं परात खरवडून पाहिली."

कुंदाबाईच्या हातातली वात खाली पडली. ती रडली नाही, नुसती म्हणाली, "देवीनंच त्यांचं नाव काढलं." आणि थोड्या वेळानं, बेबाबाईकडे न बघता, "तुम्हीच धाडलं त्याले, अक्का."

बेबाबाई उभी होती ती तशीच उभी राहिली. मी तिला ओळखते. एवढा वेळ तिचे पाय एका जागी कधी राहत नाहीत. आतून नर्स आली, एक बाटली घेऊन परत गेली. काचेतून आबांची छाती वरखाली होताना दिसत होती, आणि आम्ही सगळे तिकडेच बघत होतो, जणू आता थांबेल.

मग बेबाबाई शालिग्रामच्या शेजारी पायरीवर टेकली.

"कशी मोजली ते सांग. एकेक सांग."

"आता काय फुई, झालं ते झालं."

"सांग म्हणते ना. पहिली कोणाची?"

"आबांची. आबा घरात नाहीत, विसरायला नको, म्हणून पहिली त्यांचीच टाकी. नाव घेऊन टाकली."

"दुसरी?"

"नानांची. मग नानाच्या मुलाची. मग माझ्या पोराची."

"मग?"

"मग काय? झाली. चार."

"तुनी?"

त्यानं डोकं वर केलं.

"तुनी मूठ कोणी टाकी? तुना बाप मोजतो तेव्हा तो सगळ्यांची नावं घेतो आणि स्वतःची मूठ शेवटी नाव न घेता टाकतो. लहानपणापासून मी बघते. तू त्याच्या जागी बसला, बठ्ठ्यांची नावं घेतली आणि उठला. ज्यानं मोजलं तोच राहिला. तुनी मूठ ऱ्हायनी रे येड्या, तुन्या बापानी नही."

शालिग्राम हातातल्या चपला खाली ठेवून बोटं मोजू लागला. दोनदा मोजली. कुंदाबाईनं वाकून सांडलेली वात उचलली, पण तिचा जीव भांड्यात पडला असं काही मला दिसलं नाही. आधी धन्यासाठी भीत होती, आता लेकाकडे टक लावून बघू लागली.

"त्याची राहिली तर त्याला काय होईल?"

"उपाशी राहील," बेबाबाई म्हणाली. "गव्हाच्या ताटाशी बसून स्वतःला विसरला, त्याला एवढी शिक्षा बरोबर शे."

कुंदाबाईला हसू आलं नाही. मला आलं, ते मी पदरात धरलं.

त्या संध्याकाळी आबांची नाडी पुन्हा खाली गेली. बेबाबाई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती, आणि मला कळत होतं की दुपारी जे ती ठामपणे बोलली ते ती स्वतःलाही सांगत होती. "मी बरोबर मोजलं ना, सुनंदाबाई?" तिनं एकदाच विचारलं. मी म्हटलं, "बरोबर." मला तरी कुठं माहीत होतं. मी फक्त चार नावं पुन्हा मनात म्हणून बघितली.

बुधवारी नळी निघाली. गुरुवारी आबांनी पाणी मागितलं. लगेच कुंदाबाईचा दुसरा घोर सुरू झाला. शनिवारी पौर्णिमा. शालिग्रामच्या नावाचा रोट त्यानं धास्तीनं खाल्लाच नव्हता; तो खरा आबांचा असेल, तर गावी डब्यात तसाच पडून आहे. पौर्णिमेच्या आत आबांना गावी न्यायचं.

डॉक्टर म्हणाले, "त्या रस्त्यानं नेलं तर मी हात वर करतो." कुंदाबाई म्हणाली, रोट राहिला तर देवी काय करेल ते डॉक्टरांना काय ठाऊक. शालिग्राम एकदा आईकडे, एकदा फुईकडे.

"शालिग्राम जाईल आणि तो खाईल," बेबाबाई म्हणाली. "ह्याच्या नावानंच थापलाय ना, मग जमलं."

"बापाच्या वाट्याचं पोरानं खायचं?" कुंदाबाईचा तोच धाक पुन्हा वर आला. "मूठ त्यानंच भरली, रोटही त्यानंच खायचा. मग यांचं काय राहिलं?"

बेबाबाईनं हातातली कळशी खाली ठेवली. ती वळली आणि सरळ आत गेली. मागोमाग आम्ही. नर्स एकीलाच म्हणत होती, पण आम्ही तिघी नि शालिग्राम असे दाराशी दाटलो.

तिनं भावाला सगळं सांगितलं. मूठ, कणीक, राहिलेलं नाव. आबा डोळे मिटून ऐकत होते. कुंदाबाई पुढं सरकली. मग ते शालिग्रामला म्हणाले, आवाज अगदी बारीक, "सोताले इसरना?"

"हा, आबा."

"मीबी पहिल्या साली इसरनू होतू. मना बापनी माले त्याना रोट खावाडा." थोडा दम घेतला. म्हणजे त्यांच्या बापानंही त्यांना आपल्या वाट्याचा रोट खाऊ घातला होता. "जाय, खाय मना. पण पुढल्या साली मूठ मी भरसू. सांग नानाले."

कुंदाबाईनं पदर तोंडाला लावला. बेबाबाई म्हणाली, "एवढं बोलू नको आता," आणि स्वतःच बाहेर निघून आली.

शालिग्राम शुक्रवारी गेला आणि रोट खाऊन पौर्णिमेला दुपारी परतला. तोवर बेबाबाईनं राखी आणली होती, फुलवाल्याकडची साधी. आबांच्या उजव्या हाताला सुई होती म्हणून डाव्या हाताला बांधली.

"मूठ वळ," ती म्हणाली.

आबांनी बोटं वळली. ती पुरती मिटली नाहीत. तिनं आपल्या हातानं ती मिटवली, क्षणभर धरून ठेवली आणि सोडली. बोटं हळूहळू उघडली.

"वरीस पडलं आहे अजून," ती म्हणाली.

संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली. चप्पल बाहेर काढली. माहेरचा रोट तिला चालत नाही, आणि तिच्या स्वतःच्या घरी मूठ भरायला कोणी उरलेलं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

"पोळी आहे का गं एखादी?" म्हणाली. "आठ दिवस काय खाल्लं ते आठवत नाही."

मी तवा ठेवला. ती ओट्याला पाठ लावून खाली बसली, पाय लांब केले, आणि पहिली पोळी तव्यावरून उतरेपर्यंत तशीच बसून राहिली.