लाल फडक्यातला बाप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतो आहे? विचारू नका — मलाच नीट ठाऊक नाही.

तिकडे अमेरिकेचे दोन देश होऊन लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला भाव चढला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. बैलांची चाल मात्र तीच राहिली. मी अमरावतीला एका गोऱ्या अडत्याकडे कारकून होतो. अकोल्याकडचे माझे दोन मावसभाऊ, नारायणदादा आणि धाकटा सखाराम, त्याच सुगीत वेगळे झाले. शेत वाटलं, बैल वाटले. अडलं ते देव्हाऱ्यापाशी — बापाच्या टाकावर. बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर गेलेल्या बापाचं ठोकलेलं तोंड. त्याचे तुकडे कसे करणार? पंचांनी ठरवलं : सोनाराकडून हुबेहूब दुसरा करून घ्यावा. असली थोरल्याला, नक्कल धाकट्याला. आणण्या-नेण्याचं काम शिकलेल्या माणसाकडे — म्हणजे माझ्याकडे.

सोनारानं दोन्ही चिंचेनं उजळून दिले. जुना लाल फडक्यात, नवा पांढऱ्यात. वाटेत मूर्तिजापूरच्या धर्मशाळेत मी दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधत बसलो. फरक सापडला नाही. आणि फडकी — फडकी दोन्ही रिकामी.

परत सोनाराकडे जाता आलं नसतं का? आलं असतं. पण हसं झालं असतं. मी हाताला लागला तो लाल फडक्यात बांधला आणि चार माणसांत दादाच्या हाती दिला. म्हणालो, "हा असली."

पुढच्या हंगामात सखाराम कापूस घेऊन अमरावतीला आला. साहेबाचे सोयरे लढाईच्या दोन्ही बाजूंना होते. त्यांनी पाठवलेली टपालाची दोन तिकिटं मेजावर होती. एक उत्तरेचं, एक दक्षिणेचं. रंग निराळे — आणि तोंड एकाच म्हाताऱ्याचं, त्यांच्या देशाच्या मूळपुरुषाचं. थाटामाटाला मी कधी भुललो नाही. पण त्या दोन कागदी टिकल्या मी शेजारी-शेजारी लावून बघत बसलो. तोफा एकमेकांवर रोखलेल्या, आणि बाप एकच!

"भाऊ, यातला असली कोणता गा?" सखारामनं विचारलं.

"दोन्ही. म्हातारा दोघांचाही."

"काय सांगून राह्यला!" तो हसला. मग हळूच म्हणाला, "मंग माह्या घरचाच काहून नक्कल?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "पंचाईले इचार." आणि हसलो.

तोही हसला. जोडा काढून त्यानं त्या परक्या म्हाताऱ्याला नमस्कार केला — आधी एका तिकिटाला, मग दुसऱ्याला.

पुढे मरेपर्यंत तो दर दसऱ्याला दादाच्या उंबऱ्याबाहेर उभा राही, लाल फडकं उघडायची वाट बघत. दादा कधी उघडी, कधी नाही. मी शेजारीच असे. आणि स्वतःच्या घरच्या टाकाला — कोणता होता तो? मला तेव्हा कळलं नाही, आजही ठाऊक नाही — त्यानं कधी नैवेद्य दाखवला नाही.