सासूच्या हाडांचा रांजण

युन-किउ काकी आमच्या शेजारची. हाँगकाँगच्या काई-ताक विमानतळाजवळच्या खाणीत कावडीनं दगड वाहायची. नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. सासू मात्र होती. मेली तरी होती. काही वर्षांनी काकीनं रिवाजाप्रमाणं तिला उकरून हाडं पुसली, पायापासून डोक्यापर्यंत रचून मातीच्या रांजणात बसवली आणि रांजण मोठ्या टेकडीवर ठेवला.

मग विमानतळाची धावपट्टी समुद्रात वाढवायचं निघालं. भरावासाठी मोठी टेकडी कापणार म्हणे. पण पैसा कुणाचा? हाँगकाँगचं सरकार म्हणे, लंडननं द्यावा, तुमचीच विमानं उतरतात. लंडन म्हणे, बंदराची कमाई तुम्ही खाता, तुम्हीच घाला. गावचा मुखिया फुंग कचेरीत जाऊन येई आणि सांगे, "अजून घासाघीस चाललीया. पैसा मंजूर होईस्तो कुदळ पडत न्हाई. गप बसा."

"गप बसा म्हणं! तुझी आई न्हाई तिथं," काकी म्हणाली.

त्यात पंचांग बघणाऱ्या लाऊनं सांगितलं, की हाडं हलवायला यंदा एकच दिवस बरा आहे. काकी थांबते कसली! हाडांना ऊन लागू नये म्हणून रांजणावर छत्री धरून तिनं सासू पूर्वेच्या बारक्या टेकडीवर नेली.

"काकी, जिती व्हती तवा येवढी मिरवली न्हाईस म्हातारीला," मी म्हणालो.

"जिती व्हती तवा माझं ऐकत कुठं व्हती?"

पुढं सौदा ठरला. लंडननं फुकट काही दिलं नाही, कर्ज दिलं. कर्ज म्हटल्यावर काटकसर आली. साहेबांनी मोठी टेकडी सोडली आणि जवळची, स्वस्तात पडणारी धरली. पूर्वेची.

फुंग सांगायला आला तो खाली बघतच. "सोमवारी सुरुंग लावत्यात, काकी."

काकीनं लाऊला गाठलं. तो म्हणाला, "यंदा दिवस न्हाई. आन् सोडलेल्या जागी परत ठेवायचं नसतं."

"सुरुंगवाल्यानं तुला इचारून सोमवार धरला का रं?"

काकीनं कावडीच्या एका टोकाला रांजण बांधला, दुसऱ्याला तोलापुरता दगड, आणि मोठी टेकडी चढली. जुन्या खळग्याला हात लावला नाही. शेजारी नवा खणला, सासूला बसवलं, उदबत्ती लावली.

सोमवारनंतर पूर्वेच्या टेकडीवर माती वाहायला बाया लागत होत्या. काकीही त्या कामाला गेली. पुढं कितीतरी दिवस तिचा खांदा ठणकत होता. लाऊ म्हणे, सासूचा कोप. काकी म्हणे, कावडीचा.