चहा पिऊन केलेली सही

"सही कर." साने साहेबांनी पेन पुढे ढकललं. बाळारामने ते उचललं. मी त्याचा हात धरला.

"थांब. सही करू नको."

टाइपरायटर थांबला. साने साहेब आमचे पर्सोनेल ऑफिसर. त्यांच्या केबिनमध्ये असं कोणी बोलत नसे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, अंबरनाथच्या एका कारखान्यातली. मी फिटर, शिक्षण सातवी. कामगारावर आरोप आला की कंपनी आधी स्वतःच चौकशी करते. तिला डोमेस्टिक एन्क्वायरी म्हणतात. कोर्ट नाही, वकील नाही. कामगाराच्या बाजूने बोलायला त्याच्यातलाच एक जण बसतो, तो डिफेन्स असिस्टंट. नाव मोठं, काम फुकट. बाळारामने मला धरलं.

बाळाराम मोरिवलीचा, बॉयलर अटेंडंट. बापाची जमीन कारखान्यांत गेली आणि ही नोकरी मिळाली. ती गेली तर मागे शेतही नाही. आरोप असा: भर दुपारी बॉयलर सोडून गेला, पाणी खाली गेलं, प्लग वितळला. बॉयलरला एक बूच असतं, त्यात मऊ धातू भरलेला. पाणी कमी झालं की तो वितळतो आणि वाफ आगीवर येऊन आग विझते. म्हणून बॉयलर फुटत नाही. पण काम दोन दिवस बंद पडलं.

तो गेला होता, हे खरं. आतलं पाणी दाखवणारी काच पार धुरकटली होती. नवी मागायला तो स्टोअरमध्ये गेला. मला म्हणाला, "दादा, धा मिनटां गेलो. पानी दिसतच नव्हता, करनार काय?"

जागेवर माणूस नाही हे पाहिलं साने साहेबांनी. चार्जशीटवर सही साने साहेबांची. आणि चौकशी करून निकाल देणार तेही साने साहेबच.

पहिल्या तारखेला मी काय केलं? साहेबांनी आमच्यासाठी चहा मागवला. मग विचारलं, "एन्क्वायरी ऑफिसरबद्दल काही हरकत?" ज्याचा चहा हातात आहे त्याच्या तोंडावर हरकत घ्यायची, हे आपल्या लोकांना जमत नाही. मी म्हणालो, "तुमच्याबद्दल काय हरकत असणार साहेब!" ते इंग्रजीत टाइप झालं. आम्ही दोघांनी खाली सह्या ठोकल्या.

घरी येऊन सुमनला सांगितलं. सुमन माझी बायको. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. दोन पोरं झाल्यावर ती बाहेरून बी.ए. करत होती. तेव्हा अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. भाकऱ्या थापताना मोठ्याने पाठ करायची, मी ऐकायचो.

"अहो, अक्कल आहे का तुम्हाला?" असं म्हणून तिने पिठाच्या हातानेच वही उघडली.

वहीत होतं ते असं: पावणेचारशे वर्षांपूर्वी लंडनला डॉक्टरांची एक मंडळी होती. परवानगीशिवाय औषध देणाऱ्याला तीच पकडायची, तीच दंड करायची आणि त्यातला अर्धा तीच ठेवायची. एक डॉक्टर कोर्टात गेला. जज म्हणाला, तक्रारही तुमची आणि न्यायही तुमचाच, असं चालणार नाही. त्याच काळात इंग्रज लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत जायला लागले होते. भांड्याकुंड्यांबरोबर हे असले हक्कही घेऊन गेले. पुढे त्यांची नातवंडं-पतवंडं इंग्लंडच्या राजाशी भांडली, तीही त्याच्याच देशाच्या जुन्या कायद्यावर बोट ठेवून. म्हणाले, आमचं ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, पार्लमेंटात आमचा माणूस बसवल्याशिवाय कर नाही.

"ते राजाशी भांडले," सुमन म्हणाली, "आणि तुम्ही अर्ध्या कप चहावर सही करून आलात."

म्हणून दुसऱ्या तारखेला, टाइप झालेल्या पानावर सही करायची वेळ आली तेव्हा, मी बाळारामचा हात धरला.

"साहेब, आमची हरकत लिहून घ्या. तुम्ही स्वतः साक्षीदार आहात. तुम्ही निकाल देऊ नका."

"मागच्या वेळी हरकत नाही म्हणालास. सही आहे तुझी."

"चुकलं. तेही लिहा."

साहेब हसले. ते तीन महिने अमेरिकेला ट्रेनिंग करून आले होते, आणि हे कोणाला विसरू देत नसत. "अमेरिकेत ही भानगडच नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं की खलास."

"कंपनीत नसेल साहेब. पण तिथे सरकारला तसं करता येत नाही. ते त्यांनी इंग्रजांकडून घेतलं. आपल्या कायद्यातही तिथूनच आलंय."

"हे तुला युनियनने शिकवलं?"

"बायकोने."

टायपिस्टने हसू दाबायला मान खाली घातली. साहेबांचं हसू गेलं. "सही नाही केलीत तर एकतर्फी चालवीन. मग बसा घरी दोघं."

एकतर्फी म्हणजे आम्हाला बाजूला ठेवून. धमकी पोकळ नव्हती. बाळाराम माझ्या कानाशी आला, "दादा, करून टाकू सही. पोरां हायत मना."

"पान द्या," मी म्हणालो. साहेबांना वाटलं, नमला. मी सहीच्या जागेच्या वर मराठीत लिहायला घेतलं. तेवढ्यात टायपिस्टने पानाखाली कोरा कागद आणि कार्बन सरकवला. कोणी सांगितलं नव्हतं. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तरी लिहिलं: साने साहेबांनी स्वतः पाहिले व आरोप केला, म्हणून त्यांनी निकाल देण्यास आमची हरकत आहे. पहिल्या वेळी हरकत नाही म्हणालो ती आमची चूक. मग खाली दोघांनी सह्या केल्या.

साहेबांनी पान ओढून घेतलं, बघितलं, मग माझ्या हातातल्या कार्बनच्या प्रतीकडे बघितलं. "निघा," एवढंच म्हणाले.

दहा दिवस काही कळेना. बाळाराम सस्पेंड होता, तरी रोज गेटवर येऊन उभा राहायचा.

अकराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं, आमची लेखी हरकत मान्य. एन्क्वायरी ऑफिसर बदलले, कल्याणचे एक वकील आले. साने साहेब साक्षीदाराच्या खुर्चीत. मी स्टोअरचं रजिस्टर मागवलं. त्याच महिन्यात बाळारामने तीनदा काच मागितली होती. "मग का दिली नाही?" मी साने साहेबांना विचारलं.

"ते माझं खातं नाही," साहेब म्हणाले. वकिलांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

बाळाराम निर्दोष सुटला असं नाही. दहा मिनिटं का होईना, बॉयलर सोडला होता. चार दिवस बिनपगारी झाले, पण नोकरी राहिली. तिथूनच रिटायर झाला.

सुमनच्या परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही. तरी पास झाली.

मी शिकलो ते एवढंच: आधी हरकत घ्यावी, चहा नंतर.

मागच्या वर्षी सुमन गेली. हॉस्पिटलवाल्यांनी कागद पुढे केले, सगळे इंग्रजीत. बोट दाखवतील तिथे मी सह्या करत गेलो. एकही वाचला नाही. ती असती तर तिथेच झापलं असतं मला.