चुकवलेले दोन दिवस

मी कर्वेनगरजवळच्या एका प्रयोगशाळेत सहायक आहे. गेली बावीस वर्षं एकच काम करतो. बशांत वाढवलेल्या पेशींवर किरण सोडायचे, त्या बशा पंधरा दिवस उबेत ठेवायच्या, मग जांभळा रंग घालून ठिपके मोजायचे. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो, पण पेशी लगेच मरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धडधाकट दिसते. एकीच्या दोन व्हायची वेळ आली की मग कोलमडते. जिला तूट सांधता आली ती मात्र वाढत जाते, तिचाच ठिपका होतो. किरणांची तेवढीच मात्रा मध्ये काही तास सोडून दोनदा दिली, तर ठिपके जास्त येतात. तेवढी उसंत तिला पुरते.

त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

थोरल्या भावाला, दादाला, घशाचा कॅन्सर झाला. सोमवार ते शुक्रवार त्याला रेडिएशनला मी न्यायचो. नारायण पेठेतून रिक्षा, मग रांग, मग परत, आणि त्यानंतर माझी नोकरी. पाचव्या आठवड्यात मी पार थकलो होतो. त्यातच गुरुवारी पुतणीच्या होणाऱ्या सासरची माणसं लग्नाची बोलणी करायला मुक्कामी येणार होती.

"भाऊजी, गुरुवार-शुक्रवार नाही गेलं तर?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही रोज हेच तर बघता."

"चालेल," मी म्हणालो. "दोन दिवसांत काही होत नाही."

दादा आरशात गळ्याची काळवंडलेली कातडी बघत होता. "घ्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शास्त्रज्ञांनी रजा मंजूर केली."

डॉक्टरांना फोन करायला हवा होता. केला असता तर ते 'घेऊन या' म्हणाले असते, आणि मला जावं लागलं असतं. गुरुवारी मी दुपारपर्यंत झोपलो.

वर्षभरात गाठ परत आली. नेमकं कशामुळे, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरंच आहे. एका बशीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे नव्या मुलांना मीच शिकवतो. दादा गेला. त्या दोन दिवसांबद्दल मी कुणाशी बोललो नाही.

गेल्या महिन्यात वहिनींकडे बसलो होतो. खाली ज्यांचं बाइंडिंगचं दुकान आहे ते चाचा वर आले. त्यांच्या बायकोचं रेडिएशन चालू आहे. मला विचारायला वहिनींनीच त्यांना सांगितलं होतं.

"ईदला मशीन बंदच आहे," चाचा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे. तेवढा एक दिवस राहिला तर चालेल ना, साहेब?"

वहिनी चहा गाळत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "आपण होऊन एकही दिवस चुकवू नका. सुट्टीचा दिवस कसा भरून काढायचा, तेही डॉक्टरांना विचारा. खंड पडला की उरलेल्या पेशी वाढतात."

चाचा मान डोलावून, चहा न घेताच उतरले. वहिनी गाळणं धरून तशाच उभ्या होत्या.

"आम्हाला चालेल म्हणाला होतात."

"हो."

"तेव्हा माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. मला कंटाळा आला होता, वहिनी."

त्यांनी माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मी तो कप तसाच भरलेला ओट्यावर नेऊन ठेवला आणि जिना उतरलो.