मुठीतला अंगठा

"वाचून दाखव आंदी."

म्हातारीचं हे वाक्य ऐकलं की आमच्या कचेरीत सगळ्यांच्या कपाळावर आठ्या चढत. बयान लिहून झालेलं असे, शाईचा पॅड पुढे सरकवलेला असे, आणि ही बाई उजव्या हाताची मूठ वळून अंगठा आत लपवून बसलेली असे. आधी कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय ती मूठ उघडत नसे. साहेब वैतागून म्हणत, "म्हातारे, तुला यातलं काय समजतं?" ती म्हणे, "समजत नाई म्हणूनच तं ऐकून राह्यली."

चांदा जिल्ह्यातल्या एका कचेरीत मी तेव्हा नवा कारकून होतो. कचेरीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कचेऱ्या निर्दोष ठरतील, आणि तेवढं औदार्य माझ्यात नाही. जमिनी घेण्याआधी लोकांच्या हरकती ऐकायच्या असा कायदा होता, म्हणून सुनावण्या होत. म्हातारी ढीवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, वस्तीतली. स्वतःची तारीख नसली तरी आठ कोस चालत यायची, दाराशी बसून जाळं विणायची आणि सगळ्यांच्या सुनावण्या ऐकायची. शिपायानं एकदा हटकलं, "बाई, हे काय घर आहे का?" तर म्हणाली, "हात रिकामे राह्यले का कान झोपते, भाऊ." त्यानंतर शिपाईच तिला पाणी आणून देऊ लागला.

अंगठ्याची गोष्ट तिनंच मला सांगितली. गाव मालगुजाराच्या मालकीचं होतं त्या काळात तिच्या नवऱ्यानं न ऐकता एका कागदावर अंगठा दिला, आणि सात वर्षं त्यांना गावच्या तलावात पाय टाकता आला नाही. "त्याले वाटलं, मोठ्या माणसाले वाच म्हणनं बरं नाई दिसत," ती म्हणाली. "मले नाई वाटत तसं." मालगुजारी गेली तेव्हा कुठे तलाव ढीवरांना परत मिळाला होता.

त्याच तलावावर कोळशाची खाण आली. म्हणजे तलावावर नाही, तलावाच्या वरच्या उतारावर. खाणीतली माती आणि कोळशाचा चुरा तिथं टाकायचा होता. पावसाळ्यात तो सगळा वाहून कुठं जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, साहेबांना कळत नव्हतं. तलाव काळा झाला तर मासे मरणार आणि वस्तीला गाव सोडावं लागणार, एवढी साधी गोष्ट होती. वस्तीनं हरकत घेतली. साहेबांनी वैशाखात जागा पाहायला येतो म्हणून कळवलं.

आता इथं त्या भोळ्या लोकांनी एक चूक केली. तिकडे दर तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मोरी उघडून तलावाचं पाणी सोडतात, गाळ उपसून धानाच्या शेतांत टाकतात, तळ स्वच्छ करतात. त्या वर्षी पाळी होती. काही जण म्हणाले, साहेब येणार आहे, यंदा राहू द्या. म्हातारीच अडून बसली. "काऊन? पाहुना घरी येऊन राह्यला तं आंगन झाडत नाई का आपन? तलाव साफ दिसला पायजे." झालं. सगळी वस्ती आठवडाभर गाळात राबली. साहेबांसाठी तलाव झाडून ठेवला.

साहेब जीपमधून उतरले, बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "हा तर कोरडा आहे."

म्हातारीला वाटलं, पाहुण्याला समजलं नाही, दाखवायला हवं. ती खाली उतरली. मध्यभागी थोडा ओला गाळ ठेवलेला होता, माशांच्या बियाण्यासाठी. त्यात ती अनवाणी टाच दाबत दाबत चालली, एका जागी थांबली, वाकली आणि कोपरापर्यंत हात घालून एक मिशीवाला मागूर मासा बाहेर काढला. जिवंत, वळवळणारा. "खाली दबून राह्यते हे, पानी येईपर्यंत," ती वर बघून ओरडली. "टाचेले कळते कुठी हाये ते!" आनंदानं तिचा चेहरा फुलला होता. साहेब हसले. नाकाला रुमाल लावून हसले आणि जीपमध्ये बसले. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. मेले तरी पुन्हा जन्माला येतात.

सुनावणीला म्हातारी अर्धा तास बोलली. तलाव का कोरडा केला, मासा कुठं राहतो, पाणी कुठून येतं, सगळं सांगितलं. मी लिहायला टाक उचलला तर साहेब म्हणाले, "पुराण नको. लिही: तलाव कोरडा आहे व सध्या वापरात नाही हे हरकत घेणारीस मान्य आहे." मी लिहिलं. माझी नोकरी कायम व्हायची होती, तो कागद साहेबांच्या सहीनं निघायचा होता. ही सबब मी इतकी वर्षं स्वतःला सांगतो आहे. अजून पुरत नाही.

पॅड पुढे सरकवला. मूठ बंदच.

"वाचून दाखव आंदी."

साहेब घड्याळाकडे बघत होते. मी कागद उचलला, त्या एका ओळीवर नजर ठेवली आणि वाचू लागलो. कागदावरचं नव्हे, तिचंच बोलणं, आठवेल तसं, कचेरीच्या भाषेत. दर तिसऱ्या वर्षी गाळ काढतात ते वाचलं. उतारावरचं पाणी वाचलं. मूठ तशीच मिटून ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थे टाचेचं राह्यलं." मी टाचेचंही वाचलं. साहेब मिशीतल्या मिशीत हसले, आणि म्हातारीनं मूठ उघडली.

काही महिन्यांनी शहरातल्या मोठ्या कचेरीत वस्तीचं अपील लागलं. फाईल घेऊन मलाच पाठवलं होतं. म्हातारीनं तिथंही सांगितलं, "माहं बयान वाचून दाखव आंदी." तिथल्या कारकुनानं वाचलं. एक ओळ. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी विचारलं, "अंगठा तुझाच ना?"

"माहाच हाये," ती म्हणाली. मग वळून माझ्याकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "बाबू, तू तं साजरं वाचलं होतं."

मी उठून खरं सांगायला हवं होतं. मी फायलीची दोरी बांधत राहिलो.

पुढच्या पावसात तलाव काळा झाला. वस्ती पांगली. म्हातारी पुन्हा कुठल्याच सुनावणीला आली नाही; मुलीच्या गावी गेली आणि दोन वर्षांत वारली, असं शिपायानं सांगितलं. दाराशी तिच्या जागी त्यानं पाण्याचा माठ ठेवला.

तेव्हापासून मी बयान शब्दन् शब्द लिहितो. त्यापायी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, बदल्याही भोगल्या, त्याचं काही नाही. पण लोक येतात आणि मी कागद हातात घेण्याआधीच शाईत अंगठा बुडवतात. "अहो थांबा, आधी ऐका तरी!" मी ओरडतो.

"कशाले, बाबू?" ते म्हणतात. "आमचा भरोसा हाये तुमच्यावर."